छोट्या एके पिस्तुलात पुंगळी सारखी अडकत होती, त्याची गोष्ट (आणि उपाय)

आधी प्रॉब्लेम काय होता ते सांगतो. माझ्याकडे ७.६२ बाय ३९ ची (हे एकेचं नेहमीचं काडतूस) छोटी एके पिस्तूल आहे, नळी साधारण १० इंचाची, मागे दस्ता नाही, वजन भरल्या मॅगझिनसकट चांगलं जाणवण्याइतकं. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही कारण शेवटी दोष तिचा निघाला नाही, माझाच निघाला. तर ही पिस्तूल दर रेंज ट्रिपला जॅम व्हायची, घरी आणून मी साफ करायचो, तेल लावून चकाचक, दोन आठवड्यांनी परत रेंजवर गेलो की परत जॅम. असं पाच-सहा महिने चाललं. एके कधी जॅम होत नाही, चिखलात बुडवा, वाळूत पुरा, तरी चालते, हे लहानपणापासून ऐकलेलं, त्यामुळे आधी लाजच वाटायची कुणाला सांगायला.

राहायला ह्यूस्टन. हे का सांगतोय ते पुढे कळेल.

जॅम दिसायचा कसा, तर बोल्ट (मागेपुढे सरकून काडतूस आत ढकलणारा भाग) अर्धवट पुढे येऊन थांबलेला, आणि नवीन काडतुसाचं नाक चेंबरच्या (नळीचा मागचा भाग, जिथे काडतूस बसतं) तोंडाशी तिरकं अडकलेलं. हे बघून कोणीही म्हणेल मॅगझिनचा घोळ आहे. मी पण तेच म्हणालो. एकेचं मॅगझिन सरळ आत जात नाही, पुढचं टोक आधी अडकवून मग मागे फिरवत खटकन बसवायचं, आणि बसल्यावरही थोडं हलतंच, पण जास्त हललं तर गोळी खालच्या कोनातून येते. म्हणून मी चारही मॅगझिनवर मार्करने १, २, ३, ४ लिहिलं आणि कुठल्यात कितीदा अडकतं ते फोनमध्ये टिपायला लागलो. हे नंबर टाकायचं काम मात्र सगळ्यांनी करा, पाच मिनिटं लागतात आणि निम्मे वाद मिटतात. माझ्या बाबतीत चारही मॅगझिनांत सारखंच अडकत होतं. म्हणजे मॅगझिन नाही.

मग एक दिवस जॅम झाल्यावर घाई न करता नीट बघितलं. मॅगझिन काढलं, बोल्ट हाताने मागे ओढून धरला (एकेचा बोल्ट आपोआप मागे थांबत नाही, काहींच्या मॅगझिनमध्ये तशी सोय असते, माझ्याकडच्यात नाही), सुटं जिवंत काडतूस खाली पाडलं, आणि टॉर्च मारून चेंबरमध्ये बघितलं तर आत आधीची रिकामी पुंगळी (काडतुसाचं कवच) तशीच बसलेली! म्हणजे गोळी सुटली, बोल्ट मागे गेला, पण एक्स्ट्रॅक्टर (बोल्टवरचा पुंगळी ओढून काढणारा आकडा) पुंगळीवरून घसरला, पुंगळी आतच राहिली, आणि बोल्टने येताना नवीन काडतूस उचलून त्या पुंगळीच्या पाठीवर नेऊन आदळलं. दिसायला फीडिंगचा प्रॉब्लेम, मुळात पुंगळी बाहेर न निघण्याचा. पुढे ती पुंगळी काढली तेव्हा तिच्या काठावर एक्स्ट्रॅक्टरच्या दाताने घेतलेला चावा स्पष्ट दिसला, पितळेचा एक छोटा लचकाच तोडलेला. ही खूण लक्षात ठेवा. काठ चावलेला असेल तर मॅगझिनवाल्यांना शिव्या घालू नका.

अशी पुंगळी काढताना दोन गोष्टी. एक, आत आहे ती रिकामीच आहे ना, न सुटलेली गोळी नाही ना, याची खात्री करा, त्याशिवाय तोंडाच्या बाजूने सळई घालायची नाही, आणि खात्री होत नसेल तर रेंज ऑफिसरला बोलवा, त्यात कमीपणा काही नाही. दोन, नळी इतकी आखूड असते की झटापटीत ती कुठे वळतेय याचं भान राहत नाही, डावा हात तर हमखास तोंडापुढे जातो. मी स्वतःला दोनदा पकडलंय.

आता एक्स्ट्रॅक्टर घसरतो म्हटल्यावर साहजिक एक्स्ट्रॅक्टर आणि त्याची स्प्रिंग बदलली. किरकोळ खर्च. फरक शून्य.

मग संशय गोळ्यांवर. मी तेव्हा बहुतेक वेळा जुनं युगोस्लाव्ह सरप्लस (लष्कराचा उरलेला माल) वापरायचो, पितळी पुंगळीचं. त्याचं कारण साधं, २०२१ च्या सप्टेंबरपासून अमेरिकेने रशियन काडतुसांच्या नव्या आयात परवान्यांवर बंदी आणली, स्वस्त स्टीलवाला माल हळूहळू आटला, भाव चढले, आणि ओळखीच्या एकाने हे सरप्लस चांगल्या भावात दिलं. शिवाय पितळ! स्टीलच्या पुंगळीला सगळे नावं ठेवतात, चिकटते, घाण करते वगैरे, त्यामुळे पितळ म्हणजे सोनंच असं मला वाटलेलं. तरी खात्री करायला एका ट्रिपला पहिल्या मॅगझिनमध्ये दुकानातून घेतलेली नवी कोरी काडतुसं भरली. ३० पैकी ३ अडकल्या. मी म्हटलं चला, गोळ्या बदलल्या तरी अडकतंय, म्हणजे गोळ्यांचा दोष नाही.

इथे मी जी माती खाल्ली ना, ती या सगळ्या लिखाणाचं कारण आहे. त्या दिवशीच्या गोळ्यांचा दोष नव्हताच. दोन आठवड्यांपूर्वी उडवलेल्या गोळ्यांचा होता.

हे कळलं फोनमधल्या टिपणांवरून. मॅगझिनचे नंबर बघायला लिहिलेलं, पण त्यात वेळ पण होती. दर वेळी अडकणं त्या दिवशी पहिल्यांदा लावलेल्या मॅगझिनमध्ये, नंबर कुठलाही असो, फार तर त्यानंतरच्या दुसऱ्यात. तिसऱ्यापासून पिस्तूल लोण्यासारखी चालायची. काजळी साठून किंवा नळी तापून जॅम होत असेल तर उलटं व्हायला हवं ना, सुरुवातीला ठीक आणि शंभरेक गोळ्यांनंतर रडगाणं. माझी सुरुवातीलाच रडायची आणि चालवून चालवून सुधारायची. म्हणजे जे काही बिघडत होतं ते रेंजवर नाही, घरी कपाटात बिघडत होतं. तुमची बंदूक अडकत असेल तर बाकी काही करायच्या आधी हे एवढं लिहून ठेवा, कितव्या गोळीला अडकली. सुरुवातीला की शेवटी. त्यावरून अर्धं निदान होतं.

कपाटात काय बिघडणार? साफ करून, तेल लावून ठेवलेली. त्याच आठवड्यात दौंडच्या मामांशी बोलणं झालं. मामा एसआरपीत होते, आयुष्य थ्री-नॉट-थ्री रायफलबरोबर गेलं. त्यांना आधी हे पटवायला लागलं की इथे असलं पिस्तूल कायदेशीर मिळतं, कारण तिकडे हा विषय निघाला की लोक आवाज खाली करतात. मग मी रडगाणं सांगितलं. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "फायरिंग झाल्यावर नळीत उकळतं पाणी ओतलंस का?" मी म्हटलं, मामा, बंदुकीत पाणी? ते म्हणाले, "मग काय गोमूत्र? आम्हाला कोतातून (शस्त्रागारातून) बादली यायची पाण्याची. आधी पाणी, मग चिंधी, मग तेल. तेल आधी लावलंस तर मीठ आतच राहतं की रे."

मीठ. डोक्यात ट्यूब पेटली.

जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमध्ये (बुडाशी असलेली, ठिणगी पाडणारी टिकली) पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते पेटलं की मागे पोटॅशियम क्लोराईड उरतं, म्हणजे आपल्या जेवणातल्या मिठाचा सख्खा भाऊच. हे मीठ नळीत, चेंबरमध्ये, गॅस ट्यूबमध्ये, पिस्टनच्या डोक्यावर (गोळीमागच्या गॅसने बोल्ट मागे ढकलणारे भाग), सगळीकडे बारीक थर धरून बसतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. आणि ह्यूस्टनची हवा म्हणजे मे महिन्यातलं मालवण. दोन आठवडे पुरेसे होतात. माझी सफाई सगळी तेलाची आणि सॉल्व्हंटची, आणि मीठ तेलात विरघळत नाही, शाळेतल्या पोराला पण माहितीये. मी काजळी काढत होतो आणि मिठावर छान तेलाचं पांघरूण घालत होतो. त्याखाली चेंबरला बारीक गंज धरायचा, खरखरीत. पुंगळी गोळी सुटताना फुगून चेंबरच्या भिंतीला दाबली जाते, पितळ तर मऊ, ती त्या खरखरीत भिंतीला जाऊन धरायची. पहिल्या चाळीस-पन्नास गोळ्या तो वरचा गंज घासून काढायच्या, मग पिस्तूल सुतासारखी सरळ. आणि त्याच गोळ्या पुढच्या दोन आठवड्यांसाठी नवीन मीठ ठेवून जायच्या.

काही छोट्या एकेंच्या नळीला आणि चेंबरला आतून क्रोमचा मुलामा असतो, त्यांचं तिथे निभावून जातं. माझीला नाही. पण क्रोम असलं तरी गॅस ब्लॉक, पिस्टन, बोल्टचं तोंड, नळीच्या तोंडावरचा पुढचा नट यांना गंज चढतोच, त्यामुळे क्रोमवाल्यांनी निवांत राहू नये. त्या रात्री पिस्टन बाहेर काढून खिडकीपाशी नेऊन बघितला तर डोक्याभोवती तांबूस रिंगण, लोखंडी तव्यावर लिंबू पिळून रात्रभर ठेवल्यावर धरतं तसं.

आणि पुंगळी पितळी आहे की स्टीलची याचा मिठाशी काही संबंध नाही, खेळ सगळा प्रायमरचा. अलीकडचा स्टीलवाला व्यापारी माल सहसा बिनमिठाचा असतो आणि जुनं पितळी सरप्लस खारट निघू शकतं. शंका असेल तर खिळ्याची टेस्ट आहे: एका काडतुसाची गोळी ओढून काढायची, दारू ओतून टाकायची, आणि फक्त प्रायमर असलेली पुंगळी चेंबरमध्ये घालून रेंजवरच, कानावर मफ लावून, नळीच्या तोंडाशी ठेवलेल्या घासून साफ केलेल्या लोखंडी पट्टीवर किंवा खिळ्यावर उडवायची. हात तिथून लांब, हे सांगायला नको. शेजारी तसाच दुसरा साफ खिळा ठेवायचा, तुलनेला. दोन्ही दमट जागी दोन दिवस. पहिला लाल झाला आणि दुसरा नाही, तर उत्तर मिळालं. माझा तर दुसऱ्या दिवशीच दुपारी लाल.

आता धुवायचं कसं, माझी पद्धत. पिस्तूल रिकामी, मॅगझिन बाहेर, चेंबर डोळ्यांनी बघून आणि बोटाने चाचपून. वरचं झाकण, स्प्रिंग, बोल्ट कॅरियर, गॅस ट्यूब सगळं काढायचं. गॅस ट्यूबवर लाकडी कव्हर असेल तर ते भिजू देऊ नका, फुगतं आणि मग बसत नाही. नळीचं तोंड खाली बादलीत, आणि चेंबरच्या बाजूने नरसाळ्याला प्लॅस्टिकची छोटी नळी जोडून त्यातून उकळतं पाणी, सावकाश, लिटरभर तरी. नळी जोडायची कारण नाहीतर पाणी ट्रिगरच्या भागात जातं आणि तिथे मग नवीन गंज. हातमोजे घाला, लोखंड काही सेकंदांत चटका बसेल इतकं तापतं, मी एक बोट भाजून घेतलंय. मग ब्रश चार-सहा वेळा फिरवून परत पाणी. गॅस ब्लॉकमध्ये वेगळं ओता, तिथलं भोक विसरलं जातं. पिस्टन, बोल्ट आणि ट्यूब गरम पाण्याच्या बादलीत बुडवून हलवायचे, फायरिंग पिनच्या भोकातलं पाणी झटकून काढायचं. पुढचा नट फिरवून काढा, त्याच्या आट्यांत सगळ्यात जास्त मीठ सापडतं.

उकळतंच पाणी हवं असं नाही, मीठ गार पाण्यातही विरघळतं, पण उकळत्याने लोखंड तापून पाणी आपोआप उडून जातं, तो फायदा. काचा पुसायचा निळा स्प्रे मारणारे पण पुष्कळ आहेत, म्हणतात त्यातल्या अमोनियाने मीठ मरतं. मीठ पाण्याने जातं, त्या स्प्रेमध्ये पाणीच जास्त असतं म्हणून काम होतं एवढंच.

मग कोरड्या चिंध्या, पाणी हटवणारा स्प्रे, तो पुसून मग तेल. सगळं त्याच दिवशी. "रविवारी करू" म्हणून ठेवलंत तर रविवारी गंजच साफ कराल. आणि दुसऱ्या दिवशी एक पांढरी चिंधी नळीतून ओढून बघायची, तांबूस निघाली तर परत पहिल्यापासून.

किचनचं नरसाळं आणि भांडी अजिबात वापरू नका. प्रायमर आणि गोळीचं शिसं त्या पाण्यात असतं. वेगळी बादली, वेगळं नरसाळं, नंतर हात साबणाने आणि गार पाण्याने. आमच्याकडे यावरून एकदा मोठा वाद झालाय, किटली नवीन आणावी लागली.

पाण्याचा उपाय सुरू केल्यावर पुढच्या ट्रिपला १२० गोळ्यांत एक अडकली. त्याच्या पुढच्या वेळी पण एक. म्हणजे मूळ कारण गेलं पण चेंबरला आधीच बारीक खड्डे पडलेले. इथे इंटरनेटवर लोक ड्रिलला स्टील वूल गुंडाळून चेंबर पॉलिश करायला सांगतात. मी नाही केलं आणि तुम्हीही नका करू, चेंबर एकदा मोठं झालं की परत छोटं होत नाही. गनस्मिथकडे दिली, त्याने आधी गेज घालून हेडस्पेस (बोल्टच्या तोंडापासून चेंबरमध्ये काडतूस टेकतं तिथपर्यंतचं अंतर) मोजलं, ते ठीक निघालं, मग हलकंसं पॉलिश करून दिलं. त्यानंतर साडेतीनशेच्या वर गोळ्या झाल्या, एकही अडकलेली नाही.

तुमचा प्रॉब्लेम असा नसेल तर बाकीचं थोडक्यात. ठराविक एका मॅगझिनमध्येच अडकत असेल तर ते मॅगझिन बाद. नव्या बंदुकीत चाप ओढूनही गोळी सुटत नसेल, प्रायमरवर नुसताच पुसट टिंब उमटत असेल, तर बोल्टमधलं फायरिंग पिनचं भोक बघा, तिथे साठवणुकीचं घट्ट ग्रीस भरलेलं असतं. एकेची पिन सहसा स्प्रिंगशिवाय मोकळी असते, बोल्ट हलवला की आत खुळखुळ वाजायला हवी, वाजत नसेल तर गोळी भरूच नका, कारण पिन पुढे येऊन ग्रीसमध्ये अडकली तर बोल्ट बंद होतानाच गोळी सुटू शकते. हे आळस करण्यासारखं नाही. आणि गोळ्या एका बाजूला जात असतील तर पुढची माशी (नेम धरायचा खुंट) सरळ उभी आहे का ते मागून बघा, कधीकधी अख्खा ब्लॉकच तिरका बसवलेला असतो.

आता लोक विचारतात ते, एवढं करून घ्यावी का? मजेसाठी घ्या, खुशाल घ्या. लोखंडी पाटी ठणकवायला यासारखी मजा नाही, फक्त कान आणि डोळे झाका, कारण आखूड नळीत काही दारू बाहेर येऊन जळते, संध्याकाळी तर फुटबॉलएवढा जाळ दिसतो आणि शेजारच्या लेनवाले वळून बघतात. बऱ्याच इनडोअर रेंजवर आधी लोहचुंबक लावून बघतात, गोळीला चिकटला तर परवानगी नाही, तेव्हा विचारून जा.

घराच्या रक्षणासाठी मात्र माझं मत नाही असंच आहे. तोच जाळ आणि तोच आवाज बंद बेडरूममध्ये, कानात मफ नसताना, विचार करा. इथल्या भिंती जिप्समच्या, पलीकडे पोरं झोपलेली, आणि ही रायफलचीच गोळी. खांद्याला टेकवायला काही नाही त्यामुळे घाईत नेम धरणं अवघड, सेफ्टीचा खटका उजव्या बाजूला, तोही असा वाजतो की खालच्या मजल्यावर कळावं. मागे ब्रेस (हाताला आधार देणारा जोड) लावायचा विषय वेगळा, त्यावरचा २०२३ चा केंद्राचा नियम २०२४ मध्ये टेक्सासच्याच फेडरल कोर्टाने रद्द केला, पण खराखुरा दस्ता लावलात तर १९३४ च्या कायद्याखाली आधी नोंदणी लागते, ते न करता काही जोडत बसू नका. मी घरासाठी साधं ९ एमएम ठेवलंय, बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या तिजोरीत. तरीही कुणाला एकेच ठेवायची असेल तर जी काडतुसं ठेवणार तीच किमान दोनशे आधी उडवून बघा, आणि त्यात सुरुवातीचं मॅगझिन महत्त्वाचं, कारण रात्री तीन वाजता तुमच्याकडे तिसरं मॅगझिन येईपर्यंत वेळ नसतो.

एच-वन-बीवरच्या मंडळींसाठी एक: ग्रीन कार्डवाल्याला घेता येते, व्हिसावर असाल तर साधारणपणे बंदूक बाळगायला मनाई आहे, शिकारीच्या लायसन्ससारखे थोडे अपवाद आहेत, पण मित्राने सांगितलं म्हणून घेऊ नका, वकिलाला विचारा. मित्राची रेंजवर हातात घेण्याआधीसुद्धा.

सरप्लसच्या अजून दीडशे गोळ्या उरल्यात. फेकवत नाहीत. आता रेंजवरच गरम पाण्याचा मोठा थर्मास नेतो आणि पार्किंगमध्ये टेलगेट उघडून तिथेच नळी धुतो, घरी आल्यावर बाकीचं. मागच्या वेळी शेजारच्या गाडीवाल्या म्हाताऱ्याने विचारलं, कॉफी आहे का. थर्मासवर आता बायकोने टेप लावून मोठ्या अक्षरात लिहिलंय, "चहा नाही".